अनुभव धागा: फ्रान्समधल्या कामिनोवरचा तुमचा एक दिवस

भटकी_मांजर
काल लेकीने उकडलेल्या बटाट्यात चीज घोटलं आणि चमचा वर उचलला तर हातभर तार. मी जी हसत सुटले ती थांबेचना, तिला कळेना आईला झालं काय. मला फ्रान्समधल्या ओब्राक पठारावरचा आलिगो आठवला.

२०१८ च्या मेमध्ये मी आणि मैत्रीण कामिनोवर, म्हणजे स्पेनमधल्या सांतियागोला जाणाऱ्या जुन्या यात्रेच्या पायवाटेवर, ल प्वीपासून कोंकपर्यंत चाललो होतो, साधारण दोनशे किमी. त्यातला नास्बिनाल ते सां-शेलीचा दिवस सांगते. अंतर १७ किमीच. युनेस्कोने १९९८ मध्ये फ्रान्समधल्या या वाटेचे जे मोजके तुकडे जागतिक वारसा यादीत घेतले त्यातला हा एक, म्हणून अपेक्षा फार. सकाळी बघते तर धुकं. आणि आमचं दोघींचं पहाटेच जोरदार वाजलं होतं, मी रागाने एकटीच पुढे निघाले.

झाड नाही घर नाही, नुसतं गवताचं पठार, दगडी गडगे आणि फाटकं. फाटक उघडायचं, पलीकडे जायचं, आठवणीने लावून घ्यायचं, नाहीतर गायी निघतात फिरायला. वाटेची पांढरी-लाल खूण एका खांबावर दिसली की पुढची दिसेपर्यंत जीव टांगणीला. गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या पण गाय दिसत नव्हती, आणि मग एकदम चार फुटांवर उभी. बदामी रंग, शिंगं ही एवढी, डोळ्यांना काजळ घातल्यासारखी काळी कड. मी चक्क मराठीत म्हटलं, बाई गं जाऊ दे मला. ती कसली हलते, मीच वळसा घातला.

ओब्राक गाव १३०० मीटरवर आहे. बाराव्या शतकापासून तिथे यात्रेकरूंसाठी मठ आणि आसरा होता, आणि धुक्याबर्फात वाट चुकलेल्यांसाठी घंटा वाजवायचे. हरवलेल्यांची घंटा असंच म्हणतात तिला. आदल्या रात्री हे वाचून किती रोमँटिक वाटलेलं. त्या सकाळी वाटत होतं, अरे वाजवा ना मेल्यांनो!

कोणी वाजवली नाही. मीच कशीबशी पोचले, खानावळीत बसले, अर्ध्या तासाने बाईसाहेब धुक्यातून आल्या, समोर बसल्या, एक शब्द नाही. वाढणाऱ्या माणसाने आलिगो आणला, म्हणजे बटाटा, लसूण, साय आणि तिकडचं ताजं चीज घोटून केलेला लगदा, आणि तो पळी वर वर नेत गेला, खांद्यापर्यंत, मग डोक्यावर, तार तुटेना. आम्ही दोघी एकदम फुटलो. संपलं भांडण.

तुमचेही दिवस लिहा, पूर्णच चालायला हवं असं काही नाही.

पायपीट७७
ती मैत्रीण मी. भांडण कशावरून ते सोयीस्कर गाळलंस होय? पहाटे साडेपाचला बारा माणसांच्या खोलीत प्लास्टिकच्या पिशव्यांची चुरचुर कोण करत होतं? एक फ्रेंच आजोबा उठून बसले होते बिचारे. आणि अर्धा तास नाही, दहा मिनिटं. मी तुझ्या मागेच होते, तू गायीशी बोलत होतीस ते ऐकलंय मी.

भटकी_मांजर
😂😂 ऐकत होतीस आणि हाक नाही मारलीस??

पायपीट७७
रागावले होते ना.

कोकणकडा
मेमध्येच गेलात तर गायींची मिरवणूक नाही का दिसली? मे अखेरीला गावातून पठारावर चरायला नेतात तेव्हा शिंगांना फुलं, झेंडे, मोठ्ठ्या घंटा, सगळं गाव रस्त्यावर. मी बघितलीय. अगदी आपला बैलपोळा, फक्त पुरणपोळी नाही. त्या दिवशी चाललो किती ते विचारू नका, सहा किमी, बाकी वेळ फोटो.

सासुरवाशीण_ल्योंची
मला सोमवार आठवतो. तिकडे खेड्यात सोमवारी बेकरी बंद, दुकान बंद, सगळं बंद, हे कोणी सांगितलंच नव्हतं. सॅकमध्ये एक सफरचंद आणि अर्धा पार्ले. पाणी पण संपलं. एका बाईने खुणेने सांगितलं की चर्चमागच्या दफनभूमीत नळ आहे, तिथलं पाणी चांगलं असतं, सगळे भरतात. नेमका तेव्हाच सासूबाईंचा फोन. कुठे आहेस? म्हटलं स्मशानात पाणी भरतेय. पलीकडे शांतता. मग हळूच, "घरी ये गं, काय असेल ते बोलून मिटवू."

मी_अनामिक
😂😂😂 हे वाचून चहा कीबोर्डवर

आषाढ_मेघ
सुंदर लिहिलंय पण एक सांगू का, वारी सोडून लोक तिकडे का जातात हे मला कळत नाही. आळंदी ते पंढरपूर एकदा चालून बघा.

पायपीट७७
दोन वेळा केलीय दादा. तुलना करतच नाही. दिवेघाटात मला एक मिनिट एकटं राहता आलं नाही आणि नकोही होतं. तिकडे तीन तास माणूस नाही, आणि ही बया पुढे निघून गेलेली.

आषाढ_मेघ
बरं बरं. पटलं. पण भजनाशिवाय पाय उचलतात कसे?

दगडूशेठ_नव्हे
फोडांवर कोणी बोलणार आहे का? माझे पहिल्याच दिवशी मोनिस्त्रोलच्या उतारावर आले. सुती मोजे घालून गेलेलो. मुक्कामाच्या बाईंनी सुईदोरा ओवून फोडातून आरपार नेला आणि दोरा तसाच ठेवला, पाणी झिरपून जातं म्हणे. माझी डॉक्टर बहीण हे ऐकून अजून बोलत नाही माझ्याशी. लोकरीचे पातळ मोजे घ्या आणि बूट एक साइज मोठे.

निवृत्त_मास्तर
आमचा कोंकचा दिवस. पाऊस, दगडी निसरडा उतार, गुडघे गेले. गावात शिरलो तर चर्चच्या दारावर कोरलेला शेवटचा न्याय, एका बाजूला स्वर्गातले शिस्तीत उभे, दुसरीकडे राक्षसाच्या जबड्यात पापी. खरं सांगतो, नरकाची बाजू जास्त रंगलीय. जेवणानंतर एक पाद्री बाहेर येऊन एकेक आकृती समजावत होता, लोक खो खो हसत होते, मला फ्रेंच येत नसून मीही हसलो. आत खिडक्यांना रंगीत चित्रं नाहीत, नुसती पांढुरकी काच आणि काळ्या रेघा. मला वाटलं काम अर्धवट राहिलंय, सौ. म्हणाली पैसे संपले असतील. नंतर कळलं की सुलाज या मोठ्या चित्रकाराचं ते १९९४ मधलं काम. सकाळी ऊन आलं तेव्हा भिंतीवर असा काही उजेड होता की मी सौ.ला उठवायला परत गेलो. ती आली नाही. गुडघे.

पोहेप्रेमी
शाकाहारी लोकांचं काय होतं तिकडे? ल प्वीची हिरवी मसूर फार प्रसिद्ध आहे ना?

कोकणकडा
हो आणि त्यात डुकराचे तुकडे. आधी सांगून ठेवा. मग ऑम्लेट मिळतं. रोज.

सासुरवाशीण_ल्योंची
ढेकूण राहिले की! कित्येक ठिकाणी सॅक खोलीत नेऊच देत नाहीत, दारातच ठेवायची, लागेल तेवढं टोपलीत काढून घ्यायचं.

मी_अनामिक
आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात खाटा उन्हात टाकून रॉकेल लावायचे 😄

दगडूशेठ_नव्हे
रॉकेल नाही हो, उकळतं पाणी. रॉकेलने खाट पण जाते.

भटकी_मांजर
अहो धागा ढेकणांचा झाला 🙈

पोहेप्रेमी
तो आलिगो घरी कोणत्या चीजचा होईल? मोझरेला चालेल का?

पायपीट७७
तिच्या लेकीला विचारा. आणि मांजरे, शनिवारी येतेय, बटाटे उकडून ठेव.