थंडीत पहिल्या स्टार्टला गाडी अडखळते, गरम झाली की ठणठणीत. मदत हवी आहे (पेट्रोल + सीएनजी, नाशिक)

नमस्कार मंडळी,

गाडी २०१४ ची, १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक. नंतर बाहेरून सीक्वेन्शियल सीएनजी किट बसवलेलं आहे, म्हणजे गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन तापलं की आपोआप गॅसवर जाते. राहायला पाथर्डी फाट्याजवळ, गाडी रात्रभर उघड्यावर असते.

थंडी पडायला लागली तसा हा त्रास सुरू झाला. सकाळी सेल्फ मारला की गाडी लगेच चालू होते, तिथे तक्रार नाही. पण आरपीएम बाराशे-तेराशेवर थांबायला हवा, तो सातशेच्या खाली घसरतो आणि पूर्ण गाडी थरथरते. पहिला गिअर टाकून क्लच सोडला, ॲक्सिलरेटर दाबला, की क्षणभर काहीच होत नाही. पेडल खाली गेलेलं आणि गाडी जागच्या जागी. मग एकदम झटका देऊन पुढे उडी. किट गॅसवर गेलं की सगळं सुरळीत. दुपारी परत स्टार्ट केली तर नाव ठेवायला जागा नाही.

काळजी अशी की सकाळच्या शाळेला बायको ही गाडी घेऊन जाते. आमच्या गल्लीतून सर्व्हिस रोडला लागताना उजवीकडून अंबडकडे जाणाऱ्या कंपनीच्या बस आणि ट्रक सुसाट येत असतात. मोकळी जागा बघून गाडी काढावी आणि नेमकी तेव्हाच ती गप्प बसावी, हे मला अजिबात नको आहे.

गॅरेजला नेईपर्यंत इंजिन गरम होतं, त्यामुळे तिथे दोष दिसतच नाही. आतापर्यंत प्लग नवे टाकले, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली. बॅटरी जुनी होती, तीही बदलली. बॅटरी बदलल्यावर काही दिवस गाडी सकाळी अगदी नव्यासारखी चालू होत होती, मग हळूहळू पुन्हा तेच. आता मेकॅनिक म्हणतो इंजेक्टर बदला, नाहीतर फ्युएल पंप. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही. एवढा खर्च करण्याआधी कारण नक्की कळावं एवढीच इच्छा आहे. कुणाला असा अनुभव आहे का?

निफाडकर:
आमच्याकडे जानेवारीत पहाटे पारा ५-६ वर येतो, द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, त्यामुळे थंड गाडीची दुखणी चांगली माहीत आहेत. आधी कुलंट टेम्परेचर सेन्सर (इंजिन किती गरम आहे ते सांगणारा) बघा. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, कारण गार मॅनिफोल्डमध्ये बरंचसं पेट्रोल वाफ न होता भिंतीला चिकटून राहतं. किती जास्त द्यायचं ते ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) या सेन्सरवरून ठरवतो. सेन्सरने खोटं सांगितलं की इंजिन कोमट आहे, तर पेट्रोल कमी पडणार आणि तुम्ही सांगता तसाच खड्डा पडणार. ओबीडीचं छोटं ब्लूटूथ यंत्र घ्या, ते ईसीएममधले आकडे मोबाइलवर दाखवतं. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. कुलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं दिसलं पाहिजे. दहा-पंधरा अंशांचा फरक असेल तर सेन्सर बदला, स्वस्त वस्तू आहे.

दुसरं म्हणजे आताचं ई-२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते, आणि पेट्रोलमध्ये कमी तापमानाला उडणारे हलके घटक असतात तसे त्यात नसतात. शिवाय त्याच हवेला इथेनॉल जास्त लागतं. २०१४ ची गाडी त्या हिशेबाने बनलेली नाही. तेवढ्याने एवढा झटका बसेल असं नाही, पण आधीच मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असेल तर भर पडते.

सातपूरहून एक:
टाकीत पेट्रोल किती ठेवता? सीएनजीवाले काटा रिझर्व्हवर ठेवूनच फिरतात. पंप टाकीत असतो आणि त्याला थंड ठेवायचं काम पेट्रोलच करतं. सतत तळाला राहिलं तर पंप लवकर जातो. पंपाचा झडपवजा भाग गळत असेल तर रात्रीतून लाइनमधलं प्रेशर उतरतं. तपासायला सोपं आहे: चावी ऑन करा, मागच्या सीटखालची घूं थांबू द्या, ऑफ करा, परत ऑन, मग सेल्फ मारा. याने फरक पडला तर प्रेशरचा विषय. नाही पडला तर पंपावर एवढ्यात पैसे घालू नका.

मूळ लेखक:
दोघांचेही मनापासून आभार. टाकीत पेट्रोल अर्ध्याच्या वर असतं. ओबीडी यंत्र आणलं. आज सकाळी चावी ऑन, इंजिन बंद: कुलंट ११, हवा १२. म्हणजे सेन्सर खरं बोलतोय. चावी दोनदा ऑन करूनही काहीच फरक नाही, तसाच झटका. आता पुढे काय बघू?

गंगापूर रोड:
तुमच्या पहिल्या पोस्टमधलं बॅटरीचं वाक्य परत वाचा, उत्तर तिथे आहे असं मला वाटतं. बॅटरी काढली की बहुतेक गाड्यांत ईसीएमने शिकून ठेवलेले फ्युएल ट्रिम (इंधन किती टक्के कमी-जास्त करायचं ते आकडे) पुसले जातात. काही दिवस गाडी छान चालली ती नव्या बॅटरीमुळे नाही, पाटी कोरी झाल्यामुळे. मग गाडी परत चुकीचं शिकली.

ते असं होतं. सीक्वेन्शियल किटला स्वतःचं डोकं थोडंच असतं. पेट्रोलच्या इंजेक्टरला ईसीएम जो पल्स (किती वेळ उघडं राहायचं तो इशारा) देतो, तोच घेऊन किट त्याचा गॅसचा पल्स बनवतं. किटचं ट्यूनिंग बिघडून गॅस जास्त जात असेल तर धुराच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर सांगतो की मिश्रण जाड आहे, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त. ईसीएम पल्स कमी करत जातो आणि ते लक्षात ठेवतो. दिवसभर गॅसवर हे अगदी जमून जातं. पण सकाळी गाडी पेट्रोलवर सुरू होते. पेट्रोलचं काहीच चुकलेलं नसताना त्यात कपात होते, तीही इंजिनाला जास्त पेट्रोल हवं असतं तेव्हा. ऑक्सिजन सेन्सर तापून कामाला लागेपर्यंत ही चूक सुधारायला कुणी नसतं, आणि तोवर किट गॅसवर गेलेलं असतं. उन्हाळ्यात हे जाणवत नाही, थंडीत उघडं पडतं.

यंत्रावर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (शिकून लक्षात ठेवलेला आकडा) बघा. गॅसवर उणे पंधरा-वीस असेल तर विषय मिटला. खात्रीसाठी गाडी पूर्ण गरम असताना बटण दाबून पेट्रोलवर टाका आणि शॉर्ट टर्म ट्रिमवर (त्या क्षणीची दुरुस्ती) नजर ठेवा. तो अधिककडे चढत गेला तर ईसीएम पेट्रोलमधली चुकीची कपात भरून काढतोय.

आकडा उणेऐवजी अधिक निघाला तर मात्र उलटी गोष्ट, म्हणजे कुठून तरी हवा ओढली जातेय. तेव्हा पीसीव्हीचा होज (इंजिनातले वायू परत आत ओढणारी नळी) आणि मॅनिफोल्डचं गॅस्केट बघायचं.

मूळ लेखक:
तुम्ही म्हणालात तेच निघालं. गॅसवर लाँग टर्म उणे १८. गरम गाडी पेट्रोलवर टाकली तर शॉर्ट टर्म आधी शून्याच्या आसपास होता, तो बघता बघता अधिक १५ वर गेला. मोबाइलच्या पडद्यावर तो आकडा चढताना बघून फार मोठं ओझं उतरलं.

तेव्हापासून गाडी फक्त पेट्रोलवर चालवतोय. ट्रिम उणे ३ वर आलाय. आज सकाळी बाहेर ९ अंश होते. आरपीएम तेराशेवर स्थिर, पहिल्या गिअरला झटका नाही. बायकोने स्वतः चालवून पाहिली आणि मग शाळेला घेऊन गेली. इंजेक्टर आणि पंप दोन्ही वाचले, तुम्हा सगळ्यांमुळे.

पण कायम पेट्रोलवर परवडणार नाही. किट ज्यांनी बसवलं त्यांना फोन केला तर म्हणाले, गाडी आणा, उभ्या उभ्या पाच मिनिटांत सेट करून देतो. एवढं पुरेल का?

गंगापूर रोड:
नाही. उभ्या गाडीत फक्त आयडलचं सेटिंग होतं, तुमची गाडी दिवसभर लोडवर चालते. लॅपटॉप जोडून माणूस शेजारी बसला पाहिजे आणि गाडी रस्त्यावर फिरली पाहिजे, सपाटीला आणि चढालाही. पेट्रोलवर आणि गॅसवर, त्याच वेगाला त्याच गिअरमध्ये, इंजेक्टरचा पल्स जुळतो का ते बघायचं. त्याआधी गॅसचा फिल्टर बदलायला सांगा आणि रिड्यूसरचं (सिलिंडरमधल्या गॅसचा दाब कमी करणारा भाग) प्रेशर तपासून घ्या, नाहीतर बिघडलेल्या प्रेशरवर ट्यूनिंग होईल आणि महिन्याभरात परत तिथेच याल. काम झाल्यावर ट्रिमचा आकडा तुमच्या यंत्रावर तुम्ही स्वतः बघा, गॅसवर अधिक-उणे पाचच्या आत आला तरच पैसे द्या.

निफाडकर:
आणि रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवत जा. इंजेक्टर मोकळे राहतात, टाकीतलं पेट्रोलही शिळं होत नाही.