फणसाने केलेली फजिती: तुमचेही अनुभव सांगा

काल पुतण्याचा गावाहून फोन. "काका, उद्या गाडी येतेय पुण्याला. फणस किती टाकू?" कोकणात घर असलेल्या माणसाच्या पोटात मे महिन्यात या प्रश्नाने गोळा येतो. नको म्हटलं तर "काकाला शहराचं वारं लागलं", हो म्हटलं तर फोडणार कोण? राजापूर तालुक्यातल्या आमच्या परसात सात झाडं आहेत. बुंध्यापासून लगडतात, काही तर जमिनीला टेकून बसलेले. फणस विकत आणल्याचं आमच्या घराण्यात कोणाला आठवत नाही, आणि फुकटचा निस्तरताना दमला नाही असाही कोणी नाही. मी "एक" म्हटलंय. किती येतात बघू.

तोवर तुमच्या फजित्या लिहा. पाककृती नकोत, सांदणांचं (बरक्या फणसाच्या रसाच्या वाफवलेल्या वड्या) नंतर बघू. आणि "कोकणी माणूस फणसासारखा, वरून काटेरी आतून गोड" हे वाक्य जो लिहील त्याला चारखंड, म्हणजे फणसाची काटेरी साल, खायला घालण्यात येईल.

परळचा चाकरमानी

कणकवली ते दादर, सीटखाली गोणपाटात बरका, म्हणजे मऊ गऱ्यांचा फणस. आई म्हणाली होती, दोन दिवसांनी पिकेल. आईचा अंदाज पावसाच्या बाबतीत चुकत नाही, फणसाच्या बाबतीत कायम चुकतो. चिपळूण गेलं आणि डब्यात घमघमाट सुटला. समोरच्या बाई आधी स्वतःच्याच पिशव्या हुंगत होत्या, मग त्यांची नजर माझ्यावर स्थिरावली. मी खिडकीबाहेर बघत बसलो. गाडी बोगद्यात होती, तरी बघत बसलो.

टीसी आला. तिकीट राहिलं बाजूला, खाली वाकून म्हणाला, "कापो काय बरको?" बरका म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. बरोबरच आहे. घट्ट गऱ्यांचा कापा असता तर डबाभर वाटला असता. गरा उचलायचा, आठळी काढायची, तोंडात टाकायचा. बरका म्हणजे बुळबुळीत कारभार, कोपरापर्यंत रस. ते काही धावत्या गाडीत खायचं प्रकरण नव्हे. पनवेलला गोणपाट खालून ओलं झालं. दादरला हमालाने हात लावायला नकार दिला.

माहेर अमरावती, सासर वेंगुर्ला

लग्नानंतरचा पहिला मे. आपणही कामाला हात लावावा म्हणून सासूबाई विळीवर बसायच्या आत मीच फणसात हात घातला. कोरडा. तेल लावायचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. चीक बोटांना लागला, बोटांवरून पदराला, आणि डोळ्यांवर आलेली बट मागे सारताना केसांना. साबणाने धुतला तर आणखी चिकटला. चीक पाण्याला दाद देत नाही, त्याला तेलच लागतं. अर्धी बाटली खोबरेल डोक्यावर रिकामी झाली तरी एक बट कापावीच लागली. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त दरवर्षी फणस फोडायला घेतला की आधी तेलाची वाटी माझ्यासमोर सरकवतात. बावीस वर्षं झाली.

गुहागरचे निवृत्त मास्तर

ही फजिती नऊ वर्षं चालली. वाडीतल्या एका घरी अप्रतिम कापा होता. मधासारखा, वर कुरकुरीत. त्याच्या आठळ्या मागून आणल्या. आठळी वाळली की रुजत नाही, म्हणून त्याच संध्याकाळी विहिरीच्या बाजूला लावल्या. एक जगली. तिला कुंपण केलं, उन्हाळ्यात कळशीने पाणी घातलं, गुरांपासून राखली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचो, "हा अमक्यांचा कापा."

नवव्या वर्षी पहिला फणस धरला. काटे बोथट होऊन पांगले, देठाजवळचं पान पिवळं पडलं, टिचकी मारली तर बद्द आवाज आला. म्हणजे तयार. ज्यांच्याकडून आठळ्या आणल्या त्यांनाच मानाने बोलावलं. फोडला. बरका!

शाळेत पोरांना पराग आणि परागीकरण शिकवत आलो, पण ते आपल्या परसातही लागू असतं हे ध्यानात आलं नाही. फणसाला बाहेरचे पराग लागतात, त्यामुळे आठळीचं झाड आईवर जाईलच असं नाही. कापा हवा तर कलमच लावायला हवं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण प्रॉलिफिक ही कापा जात दिलीये, तिचं कलम आता विहिरीच्या दुसऱ्या बाजूला लावलंय. माझं वय एकोणसत्तर. पाहुणे हात पुसत पुसत हसले आणि म्हणाले, "मास्तर, सांदणं चांगली होतील." झाली. पण तो मुद्दा नाही.

दोडामार्ग

तुम्ही लोक पोतं, चीक आणि वासाचं बोलताय. आमच्याकडे 2002 पासून कर्नाटकातून हत्ती येतात. फणस कुठला पिकलाय हे त्यांना आमच्या आधी कळतं. कापा-बरका असा भेदभाव नाही, विळी नाही, तेल नाही. रात्री अंगणात फांदी मोडल्याचा आवाज, आजी आतून, "हत्ती इले!" आणि आम्ही सगळे माजघरात. सकाळी झाड तर गेलेलंच, बाजूची केळही आडवी. लिहिताना हसू येतंय, तेव्हा येत नव्हतं. आता घराजवळच्या झाडांच्या कुयऱ्याच, म्हणजे कोवळे फणसच, उतरवतो. भाजी खाऊन खाऊन घरात सगळे वैतागलेत.

डोंबिवली

बारा किलोचा फणस. गरे निघाले दोन डबे. उरलेलं चारखंड, पाती आणि मधला दांडा मिळून सोसायटीचा ओल्या कचऱ्याचा डबा भरला, झाकण बसेना. गावी हे सगळं गोठ्यात जातं, म्हैस तर चारखंडाची वाटच बघत असते. डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर म्हैस कुठून आणू? सेक्रेटरींची नोटीस लागली, खोली क्रमांकासह. त्याच संध्याकाळी दोन शेजारी वाटी घेऊन आले.

सध्या मुक्काम कोची

केरळने 2018 मध्ये फणसाला राज्यफळ केलं, त्यामुळे इथे त्याच्याबद्दल हसून बोलायची चोरी. पण 2025 च्या जुलैत पंदळमच्या एसटी डेपोत चालकांच्या श्वासतपासणीत यंत्राने दारू दाखवली, आणि प्यायलं कोणीच नव्हतं. ड्युटीवर जाण्याआधी पिकलेला फणस खाल्ला होता. अति पिकला की आत आंबायला लागतोच. ही बातमी मी मालवणला काकांना पाठवली. तेव्हापासून काकू विचारतात काही आणि काका सांगतात, "फणस खाल्लोय."

देवगड

छोटासा अनुभव. खाच न पाडता आठळ्या चुलीत टाकू नका, फटाक्यासारख्या फुटतात. मांजर तीन दिवस घरी आलं नाही.

पुण्यात नोकरी

एका हॉटेलात कच्च्या फणसाचा बर्गर साडेतीनशे रुपयांना खाल्ला आणि मूर्खासारखा आईला फोटो पाठवला. उत्तर आलं, "तेवढ्या पैशात एसटीने घरी आला असतास, वर झाड दिलं असतं." मग मागच्या महिन्यात कुयरीची भाजी पानात टाकली होती त्याची आठवण. मग ती भाजी करताना हाताला चीक लागला होता त्याची. शेवटी फोन बंद केला.

(मूळ लेखक)

गाडी आली. एक म्हटलं होतं, पाच आलेत. ड्रायव्हर म्हणाला, वहिनींनी सांगितलं, कापा कुठला ते नक्की नाही म्हणून सगळेच पाठवते. दोन गॅलरीत आहेत, दोन जिन्यात, एक बाथरूममध्ये. कोथरूडच्या आसपास कोणी असेल तर संध्याकाळी सहानंतर या. तेल आहे, विळी आहे. येताना पिशवी आणा, रिकाम्या हाताने कोणालाही परत पाठवलं जाणार नाही.