घरी रेकॉर्ड केलेली गाणी ऑडिओ सीडीवर घेताना: गॅप, आवाजाची पातळी आणि जुना डेक

सूरवेडी
मंडळी, मदत हवी आहे. घरीच रेकॉर्ड केलेली नऊ गाणी तयार आहेत, गिटार, कीबोर्ड आणि गळा एवढंच, मिक्सिंग झालंय, सगळ्या फाइली ४८ किलोहर्ट्झ २४ बिट वेव्ह आहेत. आता त्यांची एक नीट ऑडिओ सीडी करायची आहे कारण ज्यांना द्यायची त्यांच्याकडे सीडी प्लेयरच आहे, लिंक पाठवून काही उपयोग नाही. तीन गोष्टी अडल्यात. चौथं गाणं संपता संपता पाचवं सुरू होतं, मधे कीबोर्डचा सूर चालूच असतो, पण सीडीवर तिथे बरोबर दोन सेकंद शांतता येते आणि सगळी मजा जाते. दुसरं म्हणजे सगळी गाणी नॉर्मलाइझ केली तरी नुसत्या गिटारवरचं सहावं गाणं बाकीच्यांपेक्षा मोठं वाजतं. आणि तिसरं, सीडी कॉम्प्युटरवर व्यवस्थित चालते पण जुन्या डेकमध्ये टाकली की नुसती फिरत राहते आणि शेवटी डिस्क नाही असं दाखवतो. कुठून सुरुवात करू?

खर्ज
आधी आवाजाचं सांगतो कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आणि तिथेच लोक घाई करतात. नॉर्मलाइझ फक्त सगळ्यात उंच टोक बघतं, कानाला किती मोठं वाटतंय ते त्याला कळत नाही. सहाव्या गाण्यात गळा एकदम पुढे आहे, गर्दी नाही, म्हणून टोक तेवढंच असूनही ते अंगावर येतं. तर नॉर्मलाइझ सगळं काढून टाका, नऊच्या नऊ गाणी क्रमाने एकाच प्रोजेक्टमध्ये एकाखाली एक लावा आणि प्रत्येक गाण्याची शेवटची वीस सेकंदं आणि पुढच्याची पहिली वीस असं सलग ऐका. गळ्याची पातळी जुळवा, बाकी वाद्यं आपोआप जागेवर बसतात. बहुतेक वेळा मोठं वाटणारं गाणंच खाली आणायचं असतं, दोनतीन डेसिबलने सुद्धा चित्र बदलतं, बाकीची आठ वर ढकलत बसलात की लिमिटर (ठरलेल्या मर्यादेच्या वर जाणारी टोकं दाबणारं साधन) सगळ्यांचा जीव काढतो. लिमिटर लावायचाच तर सगळ्यात शेवटी, हलका, आणि वरची मर्यादा उणे १ डेसिबलवर ठेवा.

आणि हे हेडफोनवर ठरवू नका हो, स्पीकरवर ऐका, आवाज बारीक ठेवून ऐका, बारीक आवाजात कुठलं गाणं बुडतंय ते लगेच कळतं. दोन गाण्यांमधली शांतता पण कानानेच ठरवायची. संथ गाणं संपलं की थोडं थांबू द्या, त्याचा शेवटचा सूर पूर्ण विरू द्या, फेड आउट घाईने कापू नका.

तारषड्ज
दोन सेकंदांचा प्रश्न राइट करायच्या पद्धतीचा आहे. सॉफ्टवेअर ट्रॅक ॲट वन्स मोडमध्ये असणार, त्यात प्रत्येक ट्रॅकनंतर लेझर थांबतो आणि मधे गॅप येतेच. डिस्क ॲट वन्स निवडा, मग पूर्ण सीडी एका दमात लिहिली जाते आणि गॅप तुम्ही द्याल तेवढीच, शून्य सुद्धा. काही प्रोग्रॅममध्ये डिस्क ॲट वन्स असूनही गॅपच्या रकान्यात दोन सेकंद आधीच भरलेले असतात, तेही बघून घ्या.

फाइलींचं: ऑडिओ सीडी म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ १६ बिट स्टीरिओ, त्यात बदल नाही. तुमच्या ४८ च्या फाइली राइट करणारा प्रोग्रॅम स्वतःच बदलून घेतो पण कसा बदलतो त्यावर तुमचा ताबा राहत नाही, म्हणून ते काम आधी स्वतः करा. क्रम असा ठेवा, २४ बिटमध्येच राहून आधी ४४.१ वर आणा, मग लिमिटर, आणि अगदी शेवटी डिदर (मुद्दाम मिसळलेली अगदी बारीक खरखर) लावून १६ बिट. डिदर एकदाच. तो न लावता नुसते बिट छाटले तर फेड आउटच्या शेपटीला एक खरबरीतपणा येतो, सूर विरण्याऐवजी तुटत तुटत जातो, रात्री शांततेत ऐकलंत तर नक्की जाणवेल. आणि मधे कुठेही एमपीथ्री करू नका, त्याची परत वेव्ह केली तरी गेलेलं परत येत नाही.

जुनीटेप
डेकबद्दल. डिस्क कुठली वापरताय? सीडी-आरडब्ल्यू (पुसून परत लिहिता येणारी) असेल तर तेच कारण असू शकतं, ती प्रकाश खूप कमी परत टाकते आणि जुन्या प्लेयरना ती वाचता येत नाही, साधी, एकदाच लिहिता येणारी सीडी-आर घ्या. दुसरं, सीडी फायनलाइझ केलीत का, म्हणजे लिहिणं बंद करून गाण्यांची यादी पक्की केलीत का? फायनलाइझ झाल्याशिवाय कॉम्प्युटरचा ड्राइव्ह वाचू शकतो पण घरगुती प्लेयरला गाण्यांची यादीच सापडत नाही, तो फिरत राहतो. डिस्क ॲट वन्सने हे काम आपोआप होतं. तिसरं, प्रोजेक्ट ऑडिओ सीडीचाच आहे ना बघा, वेव्ह फाइली डेटा डिस्क म्हणून लिहिल्या तर कॉम्प्युटर वाजवतो पण डेक नाही.

वरून कागदी स्टिकर लावू नका, सीडी फिरताना तोल जातो आणि पुढे सुटला तर चमकता थर घेऊन निघतो. तो थर लेबलच्या बाजूलाच असतो, पातळ लाखेच्या खाली, म्हणून लिहायचं तर सीडीसाठीचाच मऊ टोकाचा पेन, बॉलपेन अजिबात नको.

सूरवेडी
खूप खूप आभार सगळ्यांचे! डिस्क आरडब्ल्यूच होती, साधी सीडी-आर टाकली आणि डेकने लगेच घेतली. सहावं गाणं खाली आणल्यावर तर पूर्ण सीडीचा बाज बदलला. डिस्क ॲट वन्सने गॅपही गेली पण आता चौथ्या-पाचव्याच्या सांध्यावर अगदी बारीक टिक ऐकू येते, फाइलीत तर ती नाहीये. का?

तारषड्ज
सीडीवर एका सेकंदाचे ७५ तुकडे म्हणजे फ्रेम असतात, प्रत्येकात ५८८ सँपल. तुमचं चौथं गाणं अर्ध्या तुकड्यात संपत असणार, मग उरलेली जागा प्रोग्रॅम शून्याने भरतो आणि चालू सुरात तेवढी भोकं पडल्यासारखी टिक येते. दोन्ही गाणी जोडून एकच सलग फाइल करा आणि कापायची जागा सीडी फ्रेमवर बसवा. ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या प्रोग्रॅममध्ये वेळ सीडी फ्रेममध्ये दाखवायची आणि सिलेक्शन त्यावर चिकटवायची सोय आहे. नाहीतर पूर्ण अल्बमची एकच वेव्ह आणि सोबत क्यू शीट, म्हणजे कुठलं गाणं कुठे सुरू होतं ते सांगणारी छोटी मजकूर फाइल, त्यात मिनिट, सेकंद आणि ० ते ७४ मधली फ्रेम लिहायची, मग फाइल कापावीच लागत नाही.

खर्ज
क्यू शीटच करा. त्यात गाण्यांची नावं पण टाकता येतात, सीडी-टेक्स्ट (डिस्कवरच लिहिलेली नावं) वाचणाऱ्या प्लेयरवर दिसतील. आणि त्या २४ बिट मूळ फाइली वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, ऑडिओ सीडीवर चुका दुरुस्त करायची सोय डेटा डिस्कपेक्षा कमी असते, तीच एकमेव प्रत धरून बसू नका.