अमेरिकेतील उमेदवाराच्या सुरक्षेचा खर्च प्रचारनिधीतून करता येतो का?

हिशेबनीस_न्यूजर्सी: नमस्कार. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाची निवडणूक लढवणाऱ्या एका परिचित बाईंच्या प्रचारसमितीचा हिशेब मी सांभाळते. गेल्या महिन्यापासून त्यांना धमक्यांचे ईमेल येत आहेत. घरी कॅमेरे बसवणे, मोडकळीस आलेले कुंपण नव्याने घालणे आणि सभांसाठी सख्ख्या भावाला पगारी अंगरक्षक नेमणे, हे तिन्ही खर्च प्रचारनिधीतून व्हावेत असे त्यांचे म्हणणे आहे. खाजगी वापराला बंदी असताना हे नियमात बसते का?

कलम_वाचक: उमेदवारी किंवा पद नसते तरीही जो खर्च करावाच लागला असता तो खाजगी, ही मूळ कसोटी आहे. जून २०१७ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील अलेक्झांड्रिया येथे बेसबॉलच्या सरावावेळी खासदार स्टीव्ह स्कॅलिस यांच्यावर गोळीबार झाल्यानंतर केंद्रीय निवडणूक आयोगाने खासदारांना घरी सुरक्षायंत्रणा बसवण्याची मुभा दिली आणि २०२१ मध्ये अंगरक्षकांच्या खर्चालाही मान्यता दिली. मात्र ही सारी सल्लामते होती, म्हणजे विचारणा करणाऱ्यांना आयोगाने दिलेली उत्तरे, सर्वसाधारण नियम नव्हे. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमाने कॅमेरे, कुलपे, दिवे, फाटक, कुंपण, व्यावसायिक सुरक्षारक्षक आणि सायबर सुरक्षा यांचा स्पष्ट समावेश केला असून, उमेदवारीमुळेच उद्भवलेला धोका असेल तर कुटुंबीय आणि कर्मचारी यांनाही त्याचा लाभ मिळतो. त्यामुळे कॅमेऱ्यांची चिंता नसावी. कुंपणाचा हेतू मात्र केवळ सुरक्षा हाच असला पाहिजे, घराची शोभा किंवा किंमत वाढवणे नव्हे. ते आधीच मोडकळीस आले होते हे आपणच लिहिले आहे, तेव्हा अडचण तिथेच आहे.

जुना_खजिनदार: भावाबाबत मी अधिक सावध राहीन. नातेवाइकाला मोबदला देता येतो, परंतु त्याने खरोखर सेवा दिलेली असावी आणि रक्कम बाजारभावापेक्षा जास्त नसावी. शिवाय रक्षक खरोखरचा व्यावसायिक हवा. भाऊ मुळात त्या पेशात नसेल, तर नुसते धिप्पाड असणे पुरणार नाही. धमक्यांचे ईमेल तारखेसह जपून ठेवा, पोलिसांत तक्रार नोंदवा आणि देयकावर कामाचे स्वरूप नेमके लिहून घ्या.

हिशेबनीस_न्यूजर्सी: आभारी आहे. आमच्याच गटातील एक गृहस्थ राज्य विधानसभेसाठी उभे आहेत. त्यांनाही हाच नियम लागू होतो का?

कलम_वाचक: नाही. हा नियम फक्त केंद्रीय पदांच्या उमेदवारांसाठी आहे. १४ जून २०२५ रोजी मिनेसोटात ज्यांची राहत्या घरी पतीसह हत्या झाली, त्या मेलिसा हॉर्टमन राज्याच्या विधिमंडळाच्या सदस्य होत्या, म्हणजे त्यादेखील या नियमाच्या कक्षेबाहेरच होत्या. त्या गृहस्थांनी आपल्या राज्याचा निवडणूक-खर्चाचा कायदा पाहावा.