सांगलीत मत पक्षाला पडते की घराण्याला? आपापले अनुभव सांगावेत

सांगली म्हणजे काँग्रेसचा बालेकिल्ला, असे आमची पिढी लहानपणापासून ऐकत आली आणि लोकसभेपुरते ते १९६२ पासून २०१४ पर्यंत खरेही होते. त्यानंतर भाजपचे संजयकाका पाटील दोनदा खासदार झाले. मे २०२४ च्या मतदानात माजी मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांचे नातू विशाल पाटील अपक्ष उभे राहून सुमारे एक लाखाच्या फरकाने निवडून आले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सांगली विधानसभेत भाजपचे सुधीर गाडगीळ सलग तिसऱ्यांदा विजयी झाले. सहा महिन्यांत असे दोन कौल देणारी माणसे आपल्याच घरांतली आहेत. म्हणून विनंती अशी, की कोण जिंकायला हवे होते यावर वाद न घालता, आपण किंवा आपल्या घरच्यांनी मत कसे ठरवले तेवढे लिहावे.

गावभाग, सांगली
माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर पंजावर शिक्का मारला आणि नंतर पंजासमोरचे बटण दाबले. २०१९ साली काँग्रेस आघाडीत सांगली लोकसभेची जागा राजू शेट्टी यांच्या स्वाभिमानी पक्षाला गेली आणि विशाल पाटील बॅट या चिन्हावर लढले. २०२४ साली ती उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेला सुटली. म्हणजे सांगली लोकसभेच्या मतदान यंत्रावर सलग दोन निवडणुका पंजा नव्हताच. पहिल्या वेळी सासूबाई यंत्रासमोर बराच वेळ पंजा शोधत राहिल्या आणि बाहेर आल्यावर, “आपलं चिन्ह काढून टाकलं का गं?” असे त्यांनी मला विचारले. दुसऱ्या वेळी मतदानाच्या आदल्या रात्री माझ्या मुलाने आजीला टपालाचा लिफाफा दाखवून विशाल पाटलांचे चिन्ह पाठ करून घेतले. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की दादांच्या घरातला माणूस उभा आहे, मग चिन्ह कोणते का असेना. माझे मत मात्र तसे ठरत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या घरात पुरुषभर पाणी होते; ते ओसरल्यावर चिखल उपसायला कोण आले आणि पंचनाम्यासाठी कोणी हेलपाटे घातले, हे मी ऑक्टोबरच्या विधानसभेला मत देताना आठवले. त्या निवडणुकीत आमदार गाडगीळांचे मताधिक्य सात हजारांच्या आत आले होते.

मार्केट यार्ड, सांगली
मी हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. आमच्याकडे सौदे संपले की चहाला बसणाऱ्यांत सगळ्या पक्षांचे लोक असतात, पण पक्षाचे नाव क्वचितच निघते. अमका कोणत्या गटाचा, एवढेच विचारले जाते. बँक, साखर कारखाना, बाजार समिती या निवडणुका पॅनेलवर होतात आणि तिथे एरवी समोरासमोर लढणारे एकाच पॅनेलमध्ये बसतात. ज्याने आमच्या ऊसबिलाचे किंवा कर्जाचे काम केले, त्याचा गट तो आपला गट, अशी आमच्या गावाकडची रीत आहे. लोकसभेला मी लिफाफ्याला मत दिले आणि विधानसभेला कमळाला, आणि त्यात मला काही विसंगती वाटत नाही. दिल्लीला आपल्या घराण्याचा माणूस असावा आणि इथल्या कामासाठी सहज भेटणारा आमदार असावा, असा माझा हिशेब होता. विधानसभेला काँग्रेसची मते पृथ्वीराज पाटील आणि बंडखोर जयश्री पाटील यांच्यात विभागली, हेही विसरून चालणार नाही.

मिरज
सांगलीकरांना गटाचे राजकारण दिसते. आम्हाला त्याआधी २००९ आठवते. त्या सप्टेंबरात गणेशोत्सवातील कमानीवरून धार्मिक दंगल झाली, संचारबंदी लागली आणि पुढच्याच महिन्यात मतदान झाले. तेव्हापासून मिरजेत भाजपचे सुरेश खाडे निवडून येत आहेत. आमच्या गल्लीत त्यापूर्वी पाण्यावर आणि गटारीवर मत मागितले जाई. त्या वर्षी कोणी पाण्याचे नावही काढले नाही. ज्यांच्याबरोबर आम्ही वर्षानुवर्षे एकाच कट्ट्यावर बसत होतो, त्यांनी कोणाला मत दिले हे विचारायचे आम्ही तेव्हा थांबवले, ते अजून सुरू झालेले नाही. मला याचे फार वाईट वाटते.

विश्रामबाग
२०१८ साली सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत ७८ पैकी ४१ जागा भाजपला मिळाल्या. चार सदस्यांच्या प्रभागातली माझी चारही मते त्या पॅनेलला होती. २०२१ मध्ये त्याच सभागृहात काही नगरसेवक फुटले आणि महापौर राष्ट्रवादीचा झाला. मी पक्षाला मत दिले होते, माणसांना नव्हे, त्यामुळे ही माझी सरळ फसवणूक होती असे मी मानतो. आता मी प्रभागातील प्रत्येक उमेदवाराला, तो आधी कोणकोणत्या पक्षांत होता, हे तोंडावर विचारतो.

कुपवाड
आमच्या एमआयडीसीतील भाडेकरू कामगारांपैकी अनेकांची नावे अजून गावाकडच्या यादीत आहेत. त्यामुळे इथल्या रस्त्यांचा आणि पाण्याचा त्रास आम्ही सोसतो, पण मत देतो जतला किंवा विजापूरकडे. नमुना आठ, म्हणजे मतदार यादीतला पत्ता बदलण्याचा अर्ज, भरून मी माझे नाव इकडे आणले. सोबतच्या बहुतेकांनी आणलेले नाही, कारण गावच्या ग्रामपंचायतीत आपले एक मत कमी होईल, ही त्यांची भीती आहे.