रातांबे पिकायला आणि पाऊस पडायला एकच मुहूर्त, काय करायचं?

दहिसरचा_चाकरमानी:
मंडळी, गाव कणकवलीजवळ, घरामागे रातांब्याची, म्हणजे कोकमाची, पाच झाडं. दरवर्षी मे मध्ये आई गावी जाते, आमसुलं करते आणि वर्षभराची सोलकढी इकडे दहिसरला पोचते, पण 2025 ला काय झालं ते आठवत असेल सगळ्यांना, मुंबईत पाऊस 26 मेलाच हजर, नेहमीची तारीख 11 जून, आणि गावी तर त्याच्याही आधीपासून कोसळत होता. निम्मे रातांबे झाडाखालीच कुजले, उरलेल्यांची सालं वाळत घातली तर बुरशी. तेव्हापासून आई म्हणतेय तोडून काजू लावू. हापूसचं नुकसान झालं की पेपरात फोटो, रातांब्याला कोण विचारतो. फुलोराच उशिरा येतो म्हणून असं होतं का? आणि एक झाड बारा वर्षांचं, फुलतं दणकून पण फळ एकही नाही, तेही हवामानामुळे का?

तळकोकणी:
ता झाड नर आसा रे बाबा, हवामानाक कित्याक गाळी घालतस :)) रातांब्यात नर मादी झाडं वेगळी, बियांच्या रोपाचं फूल येईपर्यंत काही कळत नाही. तोडू नको पण, परागीकरणाला दहात एखादा नर लागतोच.

बागेतला_माणूस:
फुलोरा साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पुढे फळ तयार व्हायला चारेक महिने धरा. आमच्याकडे बघितलंय, पाऊस दिवाळीनंतरही रेंगाळला की फुलोरा मागे सरकतो, मग पिकायला मेची अखेर उजाडते आणि पाऊस गाठतो. खत टाकून हे सुटत नाही, लवकर येणारी जात पाहिजे. दापोली कृषी विद्यापीठाची कोकण अमृता लावा, बहुतेक फळं पावसाआधी हातात येतात. कलमच घ्या, आणि विचारून घ्या की कलमाला वापरलेली काडी सरळ वर वाढणाऱ्या शेंड्याची आहे ना, आडव्या फांदीची असेल तर झाड झुडपासारखं पसरत बसतं. आमची दोन तशीच बसलीयत.

मुलुंडची_मावशी:
अरे ऊन नसेल तर आमसुलांचा हट्ट कशाला? आमसुलाला रसाची पुटं देत देत आठवडाभर कडक ऊन लागतं. त्यापेक्षा आगळ करा, किलोला दीडदोनशे ग्रॅम मीठ घालून रस सुटू द्यायचा, वाळवायची भानगडच नाही. नाहीतर सालांच्या दुप्पट साखर घालून बरणीत सरबत. आणि सगळ्याच फळांना पाऊस वैरी नसतो हं, आमच्या सोसायटीतल्या जांभळाला फुलताना कोरडं लागतं, पण पिकताना एखादी सर आली तर फळ टपोरं होतं. धो धो आला की मात्र पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या जांभळ्या.

दहिसरचा_चाकरमानी:
धन्यवाद सगळ्यांना. आईला फोन करून नर झाडाचं सांगितलं, तर म्हणे मला पहिल्यापासून माहितीय, तुलसी वृंदावनावर सावली पडते म्हणून ठेवलंय. कलमं मात्र दोन आणतोय.