व्यायामात जाळलेल्या कॅलरीज परत खाता का? अनुभव सांगा

मोगरा
भाच्याने नवं घड्याळ घेतलंय. काल पळून आला, मनगट माझ्या नाकासमोर धरलं आणि म्हणाला, "मावशी, 412! आता 412 खायला मी मोकळा." लगेच शेंगदाण्यांचा डबा काढून उभ्याउभ्याच सुरू. मला एकदम ताई आणि मी आठवलो.

आम्ही दोघींनी वजन कमी करायला एकदमच घेतलं होतं. वही एक, पान उभं दुमडलेलं, डावीकडे ताई, उजवीकडे मी. चालून आलो की ताई चालण्याच्या कॅलरीज त्या दिवशी खायच्या कॅलरीजच्या आकड्यात मिळवायची आणि तेवढं जास्त जेवायची. माझा खाक्या वेगळा, चालण्याच्या कॅलरीजना हातच लावायचा नाही. यावरून रोज वाजायचं. ती म्हणायची, "तू उपाशी राहतेस आणि राग आमच्यावर काढतेस." मी म्हणायचे, "तू चालतेस ते जेवायला मिळावं म्हणून." वजन दोघींचंही उतरलं, माझं भराभर, तिचं रमतगमत. एका पानावर माझ्या बाजूला तिने लाल पेनाने लिहून ठेवलंय, 'आज हिच्याशी कोणी बोलू नये.'

तर लिहा. वजन कमी करताना व्यायामाचं वेगळं खाता का? किती खाता? भाचा वाचणार आहे, जपून लिहा. किंवा नका जपू.

भटकभवानी
नाही खात. पुढचा प्रश्न?

झोपाळू
मी आधी खातो, व्यायाम नंतर बघू म्हणतो.

शंकासुर
"खाता का" याच्या आधी विचारायला हवं, तुमचा रोजचा आकडा आला कुठून? निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

समजा अंथरुणात नुसतं पडून राहिलात तर तुमचं शरीर दिवसाला 1400 कॅलरीज जाळतं. अ‍ॅपमध्ये 'बैठं काम' निवडलं की ते 1.2 ने गुणतं, 1680 येतात. 'आठवड्यातून बहुतेक दिवस व्यायाम' निवडलं की 1.55 ने गुणतं, 2170. मधले 490 म्हणजेच तुमचा व्यायाम, तो आधीच धरून झाला. त्यावर घड्याळाचे 300 आणखी खाल्ले तर एकच व्यायाम दोनदा जेवलात. उलट 'बैठं काम' निवडून रोज तासभर पळत असाल आणि वर काहीच खात नसाल, तर तुटवडा तुम्हाला वाटतो त्याहून बराच मोठा आहे.

मोगराताई, तुमच्या वहीतला आकडा कुठला होता?

मोगरा
@शंकासुर, ताईने एका तक्त्यातून काढला होता. त्यात चालणं धरलं होतं की नाही ते तिलाच ठाऊक. विचारते. आज तिच्याशी बोलायला हरकत नाही.

गोगलगाय
शंकासुर दादा, दिवसभर दोन वर्षांच्या पिल्लामागे पळणं 'बैठं काम' मध्ये येतं का हो? कारण बसायला मिळत नाहीये. मी मधलं काहीतरी निवडलंय आणि वेगळ्या व्यायामाचं खात नाही. पण झोप झाली नाही की जे समोर येईल ते खाते, त्याचा व्यायामाशी काही संबंध नाही. उठलं वाटतं. येते.

चिंगी
अर्धं खाते. घड्याळ 300 म्हणालं तर 150. मला हे एका मैत्रिणीने सांगितलं, तिला कोणी सांगितलं माहीत नाही, पण चालून गेलंय.

गणिती
चिंगी, अर्ध्याला आधार आहे. 2017 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात मनगटावरची सात उपकरणं तपासली होती. हृदयाचे ठोके सातांपैकी सहांचे ठीक निघाले. कॅलरीजच्या बाबतीत मात्र सगळ्यात बरं होतं तेही सरासरी 27 टक्क्यांनी चुकत होतं, आणि सगळ्यात वाईट 93 टक्क्यांनी.

दुसरी गोम अशी. 70 किलोचा माणूस तासभर झपझप चालला तर साधारण 280 कॅलरीज होतात. पण तोच माणूस तो तास खुर्चीत बसला असता तरी 70 जळाल्याच असत्या. म्हणजे चालण्याची खरी भर 210. जिममधली बरीच यंत्रं पूर्ण 280 दाखवतात. घड्याळात 'एकूण' आणि 'अ‍ॅक्टिव्ह' असे दोन आकडे असतील तर दुसरा बघा.

पळण्याचा ढोबळ हिशोब तोंडी होतो, वजनाच्या दर किलोमागे, दर किलोमीटरला एक कॅलरी. भाचेबुवा किती किलोचे आणि किती पळाले?

भाचा स्वतः
65 किलो, 5 किमी. नमस्कार सगळ्यांना. मावशीने लिंक पाठवली.

गणिती
म्हणजे 325 च्या आसपास. 412 नाही. सॉरी.

मोगरा
आणि मी डबा आधी आणि नंतर तराजूवर ठेवला होता. 110 ग्रॅम गेलेत.

गणिती
😂 110 ग्रॅम शेंगदाणे म्हणजे सव्वासहाशेच्या घरात.

भाचा स्वतः
मावशी तू डबा वजन केलास???

झोपाळू
या घरात पाहुणा म्हणून जायची भीती वाटायला लागली आहे.

पाऊलवाट
जरा वेगळं लिहिते. मी लांब अंतर पळते. एका मोठ्या शर्यतीच्या तयारीत वजनही उतरवायचं ठरवलं आणि पळण्याचं काहीही वेगळं खाल्लं नाही. 25 किमी पळून आले तरी जेवण रोजचंच. सुरुवातीला सगळे "वा, काय बारीक झालीस" म्हणत होते. मग हातपाय गार पडायला लागले, रात्री तीनला भुकेने जाग यायची, जिना चढताना मांड्या भरून यायच्या. पाळी थांबली. तेव्हाच्या प्रशिक्षकांना सांगितलं तर म्हणाले, पळणाऱ्या मुलींचं असं होतंच. नडगी दुखायला लागली तेव्हा डॉक्टरकडे गेले, हाडाला बारीक तडा निघाला.

याला आता नाव आहे, रेड-एस. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये यावर निवेदन काढलं. शरीराला व्यायाम वजा जाता उरलेल्या कॅलरीजमध्ये बाकीची सगळी कामं भागवायची असतात. फार थोडं उरलं की ते एकेक खातं बंद करत जातं, आणि पाळी, हाडं ही आधी बंद होणाऱ्यांत असतात. पुरुषांनाही होतं, त्यांना पाळीसारखी खूण दिसत नाही इतकंच. मला पूर्ववत व्हायला बराच काळ लागला. तेव्हा "कधीच खाऊ नका" असं सरसकट कोणी लिहू नका प्लीज. अर्धा तास चालणं आणि तीन तास पळणं एकाच मापाने मोजता येत नाही.

भटकभवानी
@पाऊलवाट, माझा वरचा प्रतिसाद अर्धा तास चालणाऱ्या बाईचा आहे असं धरावं. त्या प्रशिक्षकांना भेटायला आवडेल मला. काठी घेऊन.

गोगलगाय
पाऊलवाट, बाई गं. आता बरी आहेस ना?

पाऊलवाट
हो गं, मस्त. पळतेय. खातेय.

आजोबा ऑनलाइन
मधुमेह असलेल्यांसाठी दोन ओळी. मी इन्शुलिन घेतो. व्यायामाने साखर उतरते, कधी कधी कित्येक तासांनीसुद्धा. 70 च्या खाली आली, घाम फुटला, हात थरथरले, तर तिथे कॅलरीजचा हिशोब करत बसायचं नाही. 15 ग्रॅम साखर पोटात घालायची, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं, तरीही कमी असली तर पुन्हा घ्यायची. वजन कमी करायचं असेल तर व्यायामाच्या दिवशीचा डोस डॉक्टरांना विचारून ठरवा. नाहीतर पडलेली साखर चढवण्यासाठी रोज खात राहावं लागतं आणि वजन तिथेच. माझ्या सुनेने मला हे फोनवर टाइप करायला शिकवलं आहे, चुका पोटात घाला.

झोपाळू
आजोबा, पोटात घालायच्या चुकांच्या कॅलरीज किती?

आजोबा ऑनलाइन
शून्य. व्याकरणाच्या असल्या तर थोड्या जास्त.

चिंगी
आजोबा 🙏 फुल फॉर्मात.

मीच तो
हर्मन पॉन्ट्झर नावाचे एक शास्त्रज्ञ आहेत. त्यांच्या गटाने टांझानियातल्या हाड्झा लोकांवर काम केलं, 2012 चं. हे लोक शिकार करतात, कंदमुळं खणतात, दिवसभर पायपीट. तरी शरीराच्या आकारमानाचा हिशोब लावल्यावर त्यांचा दिवसाचा एकूण खर्च शहरी पाश्चात्त्य माणसाइतकाच निघाला. पॉन्ट्झर यांचं म्हणणं असं की व्यायाम वाढला की शरीर दुसरीकडे काटकसर करतं. मग परत खायचं कशाचं? जळालंच नाही फारसं.

शंकासुर
@मीच तो, काटकसर करतं हे ठीक, पण किती करतं यावर मतभेद आहेत. सगळा व्यायाम गिळून टाकतं असं ते म्हणत नाहीत. पाऊलवाट यांचं वाचा, तिथे काटकसर कुठून झाली ते स्पष्ट दिसतंय.

मीच तो
मान्य. पण माझ्यापुरतं सांगतो. सकाळी जिमला गेलो की उरलेला दिवस मी लिफ्ट वापरतो, पाणीसुद्धा मुलाकडून मागवतो. बायको म्हणते, तुझा व्यायाम आम्हाला होतो.

चिंगी
हे फारच खरं आहे 😂 मी रविवारी पोहून आले की दुपारभर आडवी. आणि पोहल्यावर लागते तशी भूक दुसऱ्या कशानेच लागत नाही. इतर कुणाला होतं का? गार पाण्यात जास्तच.

भाचा स्वतः
मला पोहल्यावर होतं. पळल्यावर उलट, तासभर भूकच नसते.

मोगरा
काल तास कुठे गेला होता?

गोगलगाय
आले परत. एक विचारायचं होतं. जिम सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात वजन वाढलं माझं. खाणं तेच. असं का?

गणिती
पाणी. नव्या व्यायामाने स्नायू दुखावतात, तिथे पाणी साठतं. शिवाय स्नायू ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, साठवतात, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे 7700 कॅलरीज. तेवढ्या वरच्या खाल्ल्या असत्यास तर आठवलं असतं. रोजचा आकडा बघू नकोस, तीन-चार आठवड्यांचा कल बघ. घड्याळ, अ‍ॅप, तक्ता यांच्यात खरं कोण बोलतंय तेही त्यातूनच कळतं. ठरल्यापेक्षा वेगाने उतरत असेल तर थोडं वाढवायचं, हलतच नसेल तर घड्याळाचं ऐकणं कमी करायचं.

गोगलगाय
थँक्यू थँक्यू. वजनकाटा लाथाडणार होते.

झोपाळू
माझ्या घड्याळाने काल दात घासताना विचारलं, "व्यायाम सुरू केलात का?" मी हो म्हटलं. 11 कॅलरीज मिळाल्या.

भटकभवानी
टूथपेस्टने परत खाल्ल्या असशील.

मोगरा
ताईशी बोलले. तिच्या तक्त्यात चालणं आधीच धरलेलं होतं म्हणे! म्हणजे ती दोनदा खात होती. मी हे सांगितल्यावर म्हणाली, "तरी उतरलं ना? आणि मी हसत होते." यावर मला काही सुचलं नाही. ती अजून रोज चालते, माझं कधीच सुटलं. भाच्याला ओढून उद्यापासून परत सुरू करायचा विचार आहे, पण जुने बूट घातले की टाच सोलते.

पाऊलवाट
मोगराताई, पळायचे-चालायचे बूट अर्धा नंबर मोठे घ्या. आणि संध्याकाळी घ्यायला जा, तोवर पाय सुजून खऱ्या मापाचे झालेले असतात. सुती मोजे नकोत, घामाने ओले होतात आणि घासतात.

आजोबा ऑनलाइन
मधुमेही मंडळींनी बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा वगैरे बघावा. पायाला कळत नाही.

मोगरा
नोंद केली. भाचा म्हणतोय बुटांसाठी तोपण येणार.

भाचा स्वतः
मला पण हवेत. माझा नंबर 9, म्हणजे साडेनऊ ना मग?